विश्लेषण : ‘शॉवेल नाइट’ सोपा की अवघड? जुन्या वळणाच्या या गेमवरून खेळाडूंत इतके मतभेद का?

हातात तलवारीऐवजी फावडे घेतलेला निळा शिलेदार, ठोकळ्याठोकळ्यांची चित्रे आणि जुन्या टीव्ही गेमसारखे किणकिणणारे संगीत. ‘शॉवेल नाइट’ पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा गेम १९८८-८९ च्या सुमाराचा वाटतो. प्रत्यक्षात तो बाजारात आला २६ जून २०१४ रोजी. त्याला दहा वर्षे उलटून गेली तरी खेळाडूंमधील चर्चा थांबलेली नाही. कुणाला हा गेम बालपण परत देणारा वाटतो, कुणाला नाहक छळणारा, तर कुणाला चक्क फारच सोपा. एकाच गेमबद्दल इतकी वेगवेगळी मते कशी, ‘रेट्रो’ म्हणजे नेमके काय आणि ज्यांनी जुने गेम पाहिलेच नाहीत त्यांना यात काय मिळते, याचा हा आढावा.

गेमची गोष्ट काय?

शॉवेल नाइट आणि शील्ड नाइट हे दोघे जिवाभावाचे साथीदार. एका मनोऱ्यातील शापित ताइतामुळे शील्ड नाइट हरवते. खचलेला शॉवेल नाइट साहसाचा नाद सोडून एकांतात शेती करू लागतो. दरम्यान एन्चँट्रेस नावाची मायाविनी सत्ता बळकावते आणि तो मनोरा पुन्हा उघडतो. आता साथीदाराच्या शोधात निघालेल्या नायकाला वाटेत मायाविनीच्या आठ सरदारांशी लढावे लागते.

फावड्याने दोनच मुख्य गोष्टी करता येतात. समोर घाव घालायचा किंवा उडी मारून शत्रूच्या डोक्यावर फावडे टेकवत टणाटण उसळायचे. ही उसळण्याची युक्ती १९८९ च्या ‘डकटेल्स’मधून, गावात लोकांशी बोलण्याची रीत १९८७ च्या दुसऱ्या ‘झेल्डा’मधून, तर टप्प्याटप्प्याने उलगडणारा नकाशा ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मधून ओळखीचा. बहुतेकांचे एकमत आहे ते इथे. बटण दाबले की शिलेदार तत्क्षणी आणि नेमका हलतो, त्यामुळे चूक झाली तर ती आपलीच असते, हे कौतुक कट्टर चाहते आणि टीकाकार दोघेही करतात.

‘रेट्रो’ म्हणजे जुन्याची हुबेहूब नक्कल का?

नाही. निन्टेन्डोच्या ‘एनईएस’ या आठ बिटच्या यंत्राला, ज्याची जपानी आवृत्ती १९८३ मध्ये आली, बऱ्याच मर्यादा होत्या. एकूण रंग पन्नासहून थोडे अधिक. पडद्यावरच्या एका आडव्या ओळीत हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवता येत. त्याहून जास्त आले की काही तुकडे गायब होत आणि चित्र लुकलुके. पार्श्वभूमीचा थरही एकच.

‘शॉवेल नाइट’ने हे नियम समजून घेऊन मोडले. गेमचे प्रोग्रामर डेव्हिड डी’अँजेलो यांनी २०१४ मध्ये सविस्तर लेख लिहून कुठला नियम पाळला आणि कुठला मोडला हे सांगितले होते. रंग जवळपास जुनेच ठेवले, पण गरजेपुरते काही नवे घेतले. पडदा आजच्या टीव्हीसारखा रुंद केला. लुकलुकणे काढून टाकले. मागचे डोंगर आणि ढग वेगवेगळ्या गतीने सरकतात, तेही जुन्या यंत्राला सहजी जमले नसते.

संगीतात मात्र बंधन कसोशीने पाळले. जेक कॉफमन यांनी त्या काळातील जपानी कॅसेटमध्ये असलेल्या एका जादा ध्वनी-चिपच्या मर्यादेत राहून सुरावटी रचल्या. १९८७ च्या पहिल्या ‘मेगा मॅन’च्या संगीतकार मानामी मात्सुमाए यांनीही दोन रचना दिल्या.

थोडक्यात, हा गेम तीस वर्षांपूर्वीच्या गेमसारखा नाही. तो त्या गेमच्या आठवणीसारखा आहे. आठवणीत चित्र लुकलुकत नाही आणि बटणही उशिरा चालत नाही.

मग वाद कशावरून?

वादाचे मूळ आहे अवघडपणात. जुने गेम अवघड असण्यामागे व्यवहार होता. अनेक गेम नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या परंपरेतून आले होते. खेळाडू लवकर हरला तरच पुढचे नाणे पडे. शिवाय कॅसेटमध्ये जागा अगदी थोडी. पहिला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसलेला होता. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोही बहुधा त्याहून मोठा असतो. एवढ्याशा मजकुरावर गेम महिनोन्महिने पुरवायचा तर खेळाडूला पुन:पुन्हा मारणे आणि तीन जीव संपले की पहिल्यापासून पाठवणे, हा सोपा उपाय होता.

‘शॉवेल नाइट’मध्ये जीव मोजलेले नाहीत. कितीही वेळा मेलात तरी ‘गेम ओव्हर’ नाही. मेल्यावर जमवलेल्या धनातला काही भाग सांडतो आणि त्याच जागी हवेत तरंगणाऱ्या थैल्यांच्या रूपात राहतो. तिथवर परत पोहोचलात तर पैसे परत मिळतात. वाटेत पुन्हा मेलात तर ते कायमचे गेले. २०११ च्या ‘डार्क सोल्स’ची आठवण देणारी ही पद्धत आहे.

खरी गंमत चेकपॉइंटमध्ये आहे. लेव्हलमध्ये ठिकठिकाणी काचेचे चमकते गोळे असतात. मेल्यावर खेळ तिथून सुरू होतो. पण हा गोळा फावड्याने फोडताही येतो. फोडला की भरपूर धन मिळते, मात्र तो चेकपॉइंट बाद. पुढे मेलात तर आणखी मागून सुरुवात. म्हणजे गेम किती अवघड हवा, हे मेनूमध्ये ‘इझी’ किंवा ‘हार्ड’ निवडून ठरत नाही. खेळता खेळता, स्वत:च्या हिमतीवर आणि हव्यासावर ते ठरते.

गेम ‘फारच सोपा’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा काय?

जुन्या गेमवर हात बसलेल्या खेळाडूंची तक्रार अशी की, मरणाची किंमत फक्त पैसा असेल तर भीती उरत नाही. आयुष्याचा पट्टा वाढवला, नवे चिलखत घेतले, जादूची साधने मिळाली की उत्तरार्धात धनाला फारसा उपयोग राहत नाही. मग थैल्या गेल्या काय नि राहिल्या काय! चेकपॉइंट फोडण्यातली जोखीमही तिथे बोथट होते, असे ते म्हणतात.

अशांसाठी एकदा गेम संपवल्यावर ‘न्यू गेम प्लस’ खुला होतो. त्यात मार जास्त लागतो आणि चेकपॉइंट कमी असतात. पण अवघडपणा पहिल्याच फेरीत हवा होता, हा आक्षेप त्याने पुरता मिटत नाही.

आणि ‘नाहक छळ’ म्हणणाऱ्यांचा?

या खेळाडूंचा राग दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे फटका बसला की मागे फेकले जाणे. दुसरी म्हणजे खड्डे आणि काटे. आयुष्याचा पट्टा पूर्ण भरलेला असला तरी खड्ड्यात पडल्यावर किंवा काट्यांवर आदळल्यावर थेट मृत्यू. दोन्ही एकत्र आले की एखादा किरकोळ शत्रू हलकासा धक्का देतो आणि खेळाडू दरीत जातो. प्रोपेलर नाइटच्या उडत्या जहाजावर वाराच शिलेदाराला ढकलत असतो, तिथे तर हा संताप हमखास उफाळतो.

समर्थकांचे उत्तर असे की, प्रत्येक नवा धोका आधी सुरक्षित जागी दाखवला जातो आणि मगच खड्ड्यावर आणला जातो. लेव्हल हीच शिकवणी, हे त्यांचे म्हणणे बव्हंशी खरे आहे. तरीही शिकवणी समजणे वेगळे आणि बोटांना ते जमणे वेगळे. दिवसभराचे काम उरकून अर्धा तास खेळायला बसलेल्या माणसाला हा फरक नक्की जाणवतो.

ज्यांनी जुने गेम खेळलेच नाहीत, त्यांचे काय?

महाराष्ट्रात १९९० च्या दशकात वाढलेल्या अनेकांना ‘एनईएस’ हे नावही ठाऊक नव्हते. घरात असायचा तो ‘टीव्ही गेम’. बहुतांश यंत्रे या जपानी यंत्राच्या स्वस्त नकला. पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेले, आत मोजके गेम नावे बदलून पुन:पुन्हा आलेले. ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’ ठरलेले. चालेना तर कॅसेट काढून फुंकर मारायची. गेम साठवून ठेवायची सोय बहुधा नसेच, त्यामुळे ऐन रंगात दिवे गेले की पहिल्यापासून सुरुवात. या पिढीला ‘शॉवेल नाइट’चा ठोकळा-शिलेदार ओळखीचा वाटतो तो यामुळे.

पण आज विशीत असलेल्यांकडे ही आठवणच नाही. त्यांच्यापैकी काहींना अशी चित्रे म्हणजे स्मरणरंजनाचा धंदा वाटतो. काहींना मात्र त्याच साधेपणात वेगळेपण दिसते. पडद्यावर मोजक्याच गोष्टी असल्याने धोका कुठला, वाट कुठली, हे लगेच कळते. जाहिरात नाही, ‘एनर्जी’ संपली म्हणून थांबणे नाही, पैसे भरून पुढे जाणे नाही. मोफत मोबाइल गेमवर वाढलेल्या खेळाडूसाठी हीच गोष्ट नवी ठरते.

शिवाय गेममध्ये असे क्षण आहेत ज्यांना जुन्या आठवणींची गरज लागत नाही. अधूनमधून शिलेदार शेकोटीशेजारी झोपतो आणि त्याला स्वप्न पडते. आकाशातून शील्ड नाइट कोसळत असते. भोवतीच्या शत्रूंना हटवत खेळाडूने तिला झेलायचे. संवाद नाही, स्पष्टीकरण नाही. फावड्याने खड्डे खणणाऱ्या या नायकाचे दु:ख काय, ते त्या काही सेकंदांत समजते. हे स्वप्न आठवणीत राहिल्याचे सांगणाऱ्यांमध्ये दोन्ही पिढ्यांचे खेळाडू आहेत.

पैशांचा आणि दिलेल्या शब्दाचा मुद्दा काय?

‘वेफॉरवर्ड’ या कंपनीतून बाहेर पडलेल्या शॉन वेलास्को आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात ‘यॉट क्लब गेम्स’ सुरू केली. मार्च २०१३ मध्ये त्यांनी ‘किकस्टार्टर’वर लोकांकडे ७५ हजार डॉलर मागितले. लोकांनी दिले ३ लाख ११ हजारांहून अधिक. पण निधी वाढला तशी आश्वासनेही वाढली. तीन खलनायकांच्या स्वतंत्र मोहिमा आणि आपसांत लढण्याचा प्रकार, हे सारे देण्याचे ठरले. प्रकाशनाआधीच पैसे संपले आणि शेवटचे काही महिने चमूने पगाराविना काढले. गेम पहिल्याच महिन्यात सुमारे १ लाख ८० हजार प्रती विकला गेला, तेव्हा कुठे श्वास घेता आला. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम स्वतंत्र गेमचा पुरस्कारही मिळाला.

आश्वासने पुरी व्हायला मात्र डिसेंबर २०१९ उजाडला. ‘प्लेग ऑफ शॅडोज’ (२०१५), ‘स्पेक्टर ऑफ टॉरमेंट’ (२०१७), ‘किंग ऑफ कार्ड्स’ आणि ‘शोडाउन’ (२०१९) हे सगळे जुन्या ग्राहकांना फुकट मिळाले. नव्या ग्राहकांसाठी किंमत सुरुवातीच्या १५ डॉलरवरून टप्प्याटप्प्याने ४० डॉलरपर्यंत गेली.

इथेही मते विभागली. आधी विश्वास ठेवणाऱ्यांना लाभ मिळाला, यात गैर काय, असे एक मत. तर ‘मला फक्त मूळ गेम हवा आहे, चारांचे पैसे का देऊ?’ असे दुसरे. मोहिमांच्या दर्जावरही एकमत नाही. ‘प्लेग ऑफ शॅडोज’मध्ये लेव्हल बव्हंशी जुन्याच आणि बॉम्ब फेकण्याची पद्धत किचकट, ही जुनी तक्रार. ‘किंग ऑफ कार्ड्स’मधील पत्त्यांचा खेळ काहींना व्यसन लावतो, तर काही तो सरळ टाळतात. भिंतीवर धावणाऱ्या स्पेक्टर नाइटची मोहीम सर्वांत आवडती म्हणणारे बरेच आहेत.

यातून काय दिसते?

‘जुना गेम अवघड होता म्हणून चांगला होता’ आणि ‘अवघड होता म्हणून वाईट होता’ ही दोन्ही मते एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. तेव्हा अवघडपणा खेळाडूवर लादलेला होता. ‘शॉवेल नाइट’ने तो खेळाडूच्या हाती दिला. म्हणून सगळे गोळे फोडत जाणारा आणि एकही न फोडणारा, हे दोघे एकच गेम विकत घेऊनही वेगवेगळा गेम खेळलेले असतात. त्यांची मते जुळणार कशी?

याच कंपनीने २०२२ मध्ये ‘मीना द हॉलोअर’ या गेमसाठी पुन्हा लोकांकडे निधी मागितला. यावेळी वळण ‘गेम बॉय कलर’चे आणि जमलेली रक्कम १२ लाख डॉलरहून अधिक. ‘शॉवेल नाइट’ हाती घेणार असाल तर एवढेच करून पाहा. पहिल्या लेव्हलमध्ये चमकता गोळा दिसला की क्षणभर थांबा. तो फोडायचा की नाही, या निर्णयावरच तुमचे मत कुठल्या गटात जाणार, हे बरेचसे ठरेल.