शोधपेटी रिकामी, म्हणून दफ्तर रिकामं?

‘ऑनलाइन कॅटलॉगमध्ये नाव टाकून बघितलं, काहीच आलं नाही. म्हणजे इंग्रजांनी कागद जाळले.’ इतिहासाच्या व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत, घराण्याचा इतिहास जमवणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य आता सर्रास ऐकू येतं. कधी ‘इंग्रजांनी’च्या जागी ‘सरकारनं’ येतं, कधी ‘भाऊबंदांनी’. आरोपी बदलतो, पुरावा मात्र तोच: रिकामी शोधपेटी. याची चीड येते, कारण असं म्हणणारा माणूस शोध तिथेच थांबवतो. आणि दीडशे वर्षं वाळवी, ओल आणि बदल्या यांतून तगलेला कागद कपाटात होता तिथेच राहतो, कुणी न मागितलेला.

शोधपेटी कागद वाचत नाही. कुणीतरी त्या कागदाबद्दल लिहून ठेवलेली दोन-तीन ओळींची नोंद ती वाचते. हाताने लिहिलेल्या इंग्रजी पत्राचं किंवा मोडी कागदाचं छायाचित्र संकेतस्थळावर असलं, तरी त्यातला मजकूर बहुतेक ठिकाणी शोधात येत नाही. कतार डिजिटल लायब्ररीसारख्या काही संग्रहांत पानांवरचा मजकूरही शोधता येतो, पण तो बव्हंशी छापील आणि टंकलिखित पानांचा. चारशे पानांच्या फाइलीची नोंद एका वाक्याची असेल, आणि त्या वाक्यात तुमच्या पणजोबांचं नाव यावं असं नोंद करणाऱ्या कारकुनाला वाटण्याचं काही कारण नव्हतं.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. खरी गोम पुढे आहे आणि ती सांगायला कुणी बसत नाही. अभिलेखागाराच्या कॅटलॉगमधली एकेक नोंद स्वयंपूर्ण नसते, आणि ती तशी नसावी असा नियमच आहे. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेची ‘आयसॅड-जी’ नावाची वर्णनाची नियमावली आहे. तिची दुसरी आवृत्ती 1999 मध्ये स्वीकारली गेली. त्यात सांगितलं आहे की वर्णन मोठ्याकडून लहानाकडे करावं आणि वरच्या पातळीवर एकदा दिलेली माहिती खालच्या पातळीवर पुन्हा देऊ नये. म्हणजे एखाद्या मालिकेच्या वर्णनात ‘एडनच्या ब्रिटिश प्रशासनाचे कागद’ असं लिहिलं असेल, तर तिच्या आतल्या फाइलीच्या नोंदीत ‘एडन’ हा शब्द असेलच असं नाही. तिथे नुसतं ‘कैदी’ किंवा ‘किरकोळ पत्रव्यवहार’ एवढंच सापडू शकतं. पाकिटावर कुणी फक्त घर क्रमांक लिहावा आणि गाव, तालुका, जिल्हा पोस्टाच्या पिशवीवर लिहिलेला असावा, तसं हे आहे. तुम्ही ‘एडन’ आणि ‘कैदी’ हे दोन्ही शब्द एकत्र टाकता, आणि जी नोंद हवी होती नेमकी तीच गळते.

लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिस्कव्हरी’ कॅटलॉगमध्ये तर अशा सात पातळ्या आहेत: खात्यापासून सुरुवात, मध्ये मालिका आणि उपमालिका, शेवटी ‘पीस’ आणि ‘आयटम’. अनेक मालिकांचं वर्णन ‘पीस’पाशीच थांबतं, आयटमपर्यंत पोहोचतच नाही. तिथे आयटम शोधत बसणाऱ्याला शून्य मिळणार हे ठरलेलंच.

पातळ्यांनंतरची अडचण नावांची. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं उदाहरण घेऊ. 1879 मध्ये त्यांना पकडलं, जन्मठेपेची शिक्षा देऊन एडनला ठेवलं, आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. आज कुणी त्यांचं नाव रोमन लिपीत, आजच्या स्पेलिंगनं टाकेल. त्या काळचा इंग्रज कारकून मात्र ‘वासुदेव’ कधी व्हीनं लिहीत होता, कधी डब्ल्यूनं, शेवटी ‘देव’, कधी ‘देओ’, ‘बळवंत’मध्ये ए किंवा यू, ‘फडके’च्या टोकाला ई, कधी ईवाय. अनेकदा तर नावच नाही, नुसतं ‘एक राजकीय कैदी’. नावांची ही गत, तर गावांची विचारूच नका. पुणे, ठाणे, रत्नागिरी, सोलापूर यांची जुनी स्पेलिंगं तीन-तीन, चार-चार आहेत. रायगड जिल्हा शोधाल तर 1981 च्या आधीचं काहीच येणार नाही, कारण तोवर तो कुलाबा होता.

म्हणून नावाआधी एक प्रश्न विचारायचा: हा कागद कुणाच्या टेबलावर तयार झाला? अभिलेखागारं कागद विषयवार लावत नाहीत. ज्या कचेरीत ते जमले त्या कचेरीचे म्हणून, त्याच क्रमानं ठेवतात. कचेरीवार ठेवण्याचं हे तत्त्व फ्रान्समध्ये 1841 च्या परिपत्रकापासून रूढ झालं आणि पुढे जगभर पसरलं. एडनचा कारभार 1932 पर्यंत मुंबई सरकारकडे होता. म्हणजे फडक्यांच्या कैदेबद्दलची पत्रं एडनच्या कचेरीत, मुंबईच्या न्याय खात्यात आणि मुंबईहून वर कळवलं असेल तर भारत सरकारच्या गृह खात्यात, अशा तीन ठिकाणी शोधावी लागतात. एडनचे कागद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये ‘आयओआर/आर/20’ या क्रमांकाखाली आहेत. हा क्रमांक डावीकडून उजवीकडे वाचायचा: आयओआर म्हणजे अख्खा संग्रह, आर म्हणजे नंतर सरकारी मार्गानं लंडनला आलेले कागद, 20 म्हणजे एडन. पुढची प्रत्येक तिरपी रेघ म्हणजे एक पायरी खाली. सापडलेल्या कुठल्याही नोंदीपासून पायरी-पायरीनं वर जाता येतं, आणि तिच्या शेजारच्या, तिच्या आधीच्या-नंतरच्या फाइली बघता येतात. शोधपेटीनं लपवलेला कागद बहुतेक वेळा सापडतो तो या शेजारात.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ 2015 मध्ये सुरू झालं आणि घरबसल्या जुन्या फाइली बघता येऊ लागल्या, ही फार मोठी सोय आहे. पण तिथल्या नोंदीही वाचायला शिकाव्या लागतात. समजा नोंदीत ‘प्रोसीडिंग्ज, क्र. 12 ते 17, ए, जुलै 1879’ असं आहे. तर तो एक कागद नव्हे. एकाच प्रकरणातले सहा क्रमांकित कागद आहेत, आणि प्रत्येकाला सहपत्रं असू शकतात. ‘ए’ म्हणजे सरकारनं महत्त्वाचं मानलेलं प्रकरण, ‘बी’ म्हणजे त्या मानानं किरकोळ. जुलै हा त्या कार्यवाहीचा महिना. घटना त्याआधी काही महिने घडलेली असू शकते. आणि कुठे ‘के. डब्ल्यू.’ ही अक्षरं दिसली तर ती फाइल सोडू नका. ‘कीप विथ’ म्हणजे सोबत ठेवलेली टिपणं. अधिकाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेली खरी मतं तिथे असतात. बाहेर गेलेल्या पत्रात ती गाळलेली असतात.

आता जाळण्याबद्दल. इंग्रजांनी कागद नष्ट केले हे खरं आहे, आणि ते दडवण्याचं कारण नाही. वसाहती सोडताना त्यांनी फाइली जाळल्या, काही गुपचूप इंग्लंडला हलवल्या. केनियातल्या माऊ माऊ लढ्यातल्या वृद्धांच्या खटल्यामुळे 2011 मध्ये ब्रिटिश परराष्ट्र खात्याला हॅन्सलोप पार्क इथला दडवलेला साठा कबूल करावा लागला, आणि 2012 पासून तो क्यूमध्ये ‘एफसीओ 141’ या मालिकेत खुला होत गेला. त्यात कागद नष्ट केल्याचे दाखलेसुद्धा आहेत. हे सिद्ध झालं ते कागदांवरून आणि न्यायालयातल्या चिकाटीतून. भारतात तर 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा सांगतो की 1892 पूर्वीचा कुठलाही अभिलेख, तो वापरता येणार नाही इतका खराब झाल्याशिवाय, नष्ट करता येत नाही. हा कायदा केंद्र सरकार आणि केंद्रशासित प्रदेशांच्या अभिलेखांना लागू आहे. तेव्हा आरोप करायचा तर जरूर करावा, पण मालिकेची यादी, तिच्यातली गाळलेली जागा आणि नाशाची नोंद हातात घेऊन.

काही लहान गैरसमज आहेत, ते पटकन.

सगळं स्कॅन झालं आहे, हा एक. कुठल्याच मोठ्या अभिलेखागारात झालेलं नाही. नोंद असणं आणि चित्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फाइलीचं शीर्षक म्हणजे आतला मजकूर, हा दुसरा. शीर्षक फाइल उघडली त्या दिवशीचं असतं. पुढे प्रकरण कुठल्याकुठे जातं.

पेशवे दफ्तर छापून झालं आहे, असंही ऐकतो. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात निघालेले 45 खंड हे निवडक कागद आहेत. पुण्याच्या दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत आणि त्यातला प्रत्येक कागद कुठल्याही कॅटलॉगमध्ये स्वतंत्र आयटम म्हणून सापडेल ही अपेक्षाच चुकीची आहे. तिथे रुमालापर्यंत पोहोचायचं आणि पुढचं काम हातानं करायचं.

शेवटचा, आणि सगळ्यात महाग पडणारा: लिंक जपून ठेवली की काम झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिचे कॅटलॉग बंद पडले. मुख्य कॅटलॉग जानेवारी 2024 मध्ये, तोही मर्यादित रूपात, परत आला. ज्यांच्या वहीत नुसत्या लिंका होत्या त्यांच्या हाती काही उरलं नाही. संग्रहाचं नाव, पूर्ण संदर्भ क्रमांक, फाइलीचं शीर्षक, वर्षं आणि पान क्रमांक एवढं उतरवून ठेवलं, की वाचनकक्षातला कर्मचारी संगणकाशिवायही तो गठ्ठा काढून देऊ शकतो.