विश्लेषण : पिशवीतला छोटा कुत्राही ‘सर्व्हिस डॉग’ असू शकतो? अमेरिकेतील दुकानांतील वाद काय आहे?

अमेरिकेतील सुपरमार्केटमध्ये ट्रॉलीत बसवलेला चिवावा किंवा खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणारा पॉमेरेनियन हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. कर्मचाऱ्याने हटकले, तर ‘हा सर्व्हिस डॉग आहे’ एवढे उत्तर बहुतेक वेळा पुरते. यातील काही दावे खरे असतात, काही सरळ खोटे, तर काही गैरसमजातून केलेले. कायद्याने पुरावा मागण्याची मुभा दुकानदाराला दिलेली नाही. ही सवलत अपंगांसाठी आहे आणि तिचा गैरवापर वाढला तर किंमतही त्यांनाच मोजावी लागते. हा कायदा नेमका काय सांगतो आणि वाद कुठे आहे, याविषयी…

‘सर्व्हिस डॉग’ नेमके कोणाला म्हणतात?

‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’ अर्थात ‘एडीए’ हा कायदा १९९० मध्ये संमत झाला. त्याखालील न्याय विभागाच्या सुधारित नियमांनुसार, जे मार्च २०११ पासून लागू आहेत, अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम करण्याचे प्रशिक्षण दिलेला कुत्रा म्हणजे सर्व्हिस डॉग. काम त्या व्यक्तीच्या अपंगत्वाशी निगडित असले पाहिजे. अंधांना रस्ता दाखवणे, कर्णबधिरांना दाराची घंटा वा धोक्याचा आवाज कळवणे, चाकाची खुर्ची ओढणे, पडलेली वस्तू उचलून देणे, अपस्माराचा झटका आलेल्या माणसाचे रक्षण करणे, औषधाची आठवण करून देणे अशी ही कामे असतात. मांजर, पोपट, ससा या व्याख्येत बसत नाहीत. अपवाद फक्त प्रशिक्षित ‘मिनिएचर’ घोड्यांचा. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे.

या परंपरेची मुळे जुनी आहेत. अंधांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणारी ‘द सीइंग आय’ ही संस्था १९२९ मध्ये टेनेसीतील नॅशव्हिल येथे सुरू झाली. पुढे ती न्यू जर्सीत गेली आणि आज तेथील मॉरिसटाउनमध्ये आहे. तिचे एक संस्थापक मॉरिस फ्रँक हे स्वतः अंध होते. आपल्या ‘बडी’ या जर्मन शेफर्ड कुत्रीसह त्यांनी अमेरिकेत ठिकठिकाणी फिरून हॉटेले, दुकाने आणि रेल्वेची दारे अशा कुत्र्यांसाठी उघडावीत म्हणून आग्रह धरला. आज जो हक्क गृहीत धरला जातो, तो अशा अनेकांनी अनेक नकार पचवून मिळवलेला आहे.

मग भावनिक आधार देणारा कुत्रा वेगळा कसा?

गोंधळाचे मूळ इथेच आहे. ज्याच्या नुसत्या सहवासाने माणसाला बरे वाटते, तो ‘इमोशनल सपोर्ट’ म्हणजे भावनिक आधार देणारा प्राणी. एकाकी वृद्ध, नैराश्याशी झगडणारे तरुण यांना अशा सोबतीचा खरोखर उपयोग होतो. मात्र एडीए त्याला सर्व्हिस डॉग मानत नाही, कारण त्याला ठरावीक कामाचे प्रशिक्षण नसते. घर भाड्याने घेताना निवासविषयक कायद्यांत अशा प्राण्याला संरक्षण मिळू शकते. किराणा दुकानात ते मिळत नाही.

याचा अर्थ मानसिक आजारासाठी सर्व्हिस डॉग नसतोच, असा नाही. घबराटीचा झटका येणार हे ओळखून मालकाला नाकाने ढोसणारा, त्याला बाजूला नेणारा प्रशिक्षित कुत्रा सर्व्हिस डॉगच ठरतो. ‘जवळ असला की बरे वाटते’ आणि ‘वेळ आली की शिकवलेले काम करतो’, यांतील फरक कायद्याच्या दृष्टीने निर्णायक आहे.

दुकानदार काय विचारू शकतो, काय नाही?

अपंगत्व उघड दिसत नसेल आणि कुत्र्याचे काम लक्षात येत नसेल, तर दोनच प्रश्न विचारता येतात. पहिला, हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक असलेला सर्व्हिस डॉग आहे का? दुसरा, त्याला कोणते काम शिकवले आहे? बस्स. आजार कोणता हे विचारता येत नाही. कागदपत्रे, ओळखपत्र मागता येत नाही. ‘काम करून दाखवा’ असेही म्हणता येत नाही. कुत्र्याने विशिष्ट जॅकेट घातलेले असण्याची सक्ती नाही आणि प्रशिक्षण संस्थेतच झाले पाहिजे असेही नाही. मालक स्वतः प्रशिक्षण देऊ शकतो.

इतर ग्राहकाला कुत्र्याची भीती वाटते किंवा अ‍ॅलर्जी आहे, हे प्रवेश नाकारण्याचे कारण ठरत नाही. अशा वेळी दोघांची सोय वेगवेगळ्या जागी करावी, असे अपेक्षित असते. मात्र दुकानदार अगदीच हतबल नाही. कुत्रा आवरत नसेल आणि मालकही त्याला आवरण्यासाठी काही करत नसेल, किंवा त्याला घाण न करण्याची सवय नसेल, तर खऱ्या सर्व्हिस डॉगलाही बाहेर काढायला सांगता येते. फक्त त्या व्यक्तीला कुत्र्याशिवाय खरेदी करण्याची संधी द्यावी लागते.

कुत्रा छोटा असेल तर नियम बदलतात का?

नाही. कायद्याने जातीवर किंवा आकारावर बंधन घातलेले नाही. लॅब्रॅडॉर खरा आणि चिवावा खोटा, हा सरसकट समज चुकीचा आहे. कर्णबधिरांना आवाजाची सूचना देण्याचे काम छोटे कुत्रेही उत्तम करतात. मधुमेही व्यक्तीच्या श्वासाच्या वासावरून साखरेतील बदल ओळखणारा कुत्रा छातीवरच्या पिशवीत ठेवलेला असू शकतो, कारण त्याला मालकाच्या तोंडाजवळ राहावे लागते. न्याय विभागाने आपल्या मार्गदर्शनात हेच उदाहरण दिले आहे. त्याच मार्गदर्शनानुसार सर्व्हिस डॉग साधारणपणे जमिनीवर असावा किंवा मालकाने उचलून घेतलेला असावा. त्याला ट्रॉलीत बसू देण्याचे बंधन दुकानावर नाही.

पाळीव कुत्र्यांचे गणित वेगळे. अन्न व औषध प्रशासनाची आदर्श अन्नसंहिता अन्नविक्रीच्या जागी प्राण्यांना मनाई करते, पण सर्व्हिस डॉगचा अपवाद ठेवते. राज्ये आणि स्थानिक यंत्रणा त्यावर आधारित नियम करतात. कपडे, हार्डवेअर अशा दुकानांत पाळीव कुत्र्यांना येऊ द्यायचे की नाही, हे सहसा दुकान ठरवते. अनेक दुकाने येऊही देतात. म्हणजे छोट्या कुत्र्याला सोबत नेण्यासाठी खोटे बोलण्याचीच गरज असते असे नाही. अनेकदा नुसते विचारले तरी पुरते.

ऑनलाइन मिळणाऱ्या प्रमाणपत्रांचे काय?

अमेरिकेत सर्व्हिस डॉगची कोणतीही सरकारी राष्ट्रीय नोंदणी नाही. तरीही अनेक संकेतस्थळे पैसे घेऊन ‘नोंदणी’, प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि जॅकेट घरपोच पाठवतात. न्याय विभाग अशा कागदांना पुरावा मानत नाही. यातील गंमत अशी, की खऱ्या सर्व्हिस डॉगच्या मालकाला कागद लागत नाही आणि कागद दाखवल्याने पाळीव कुत्रा सर्व्हिस डॉग होत नाही. काही जण मात्र हा कागद प्रामाणिकपणे विकत घेतात आणि आपण कायदा पाळला, असे समजतात. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून विक्रेत्यांवर बंधन घातले. भावनिक आधाराचा कुत्रा विकताना तो सर्व्हिस डॉग नाही, हे त्यांना लेखी कळवावे लागते.

‘माझा एवढासा कुत्रा, कोणाचे काय बिघडते?’

खोटा दावा करणाऱ्यांचा हा नेहमीचा युक्तिवाद. त्याला दुसरीही बाजू आहे. उन्हात उभ्या गाडीत कुत्र्याला कोंडून ठेवणे जीवघेणे ठरू शकते, हे खरेच आहे. पण त्यावरचा उपाय त्याला घरी ठेवणे हा आहे, अपंगांच्या हक्कावर हात टाकणे हा नव्हे.

नुकसान तीन प्रकारचे होते. पहिले, काम करणाऱ्या कुत्र्याचे. अप्रशिक्षित कुत्रा भुंकला, अंगावर गेला तर वाटाड्या कुत्र्याचे लक्ष विचलित होते आणि त्याच्या भरवशावर चालणारी अंध व्यक्ती धोक्यात येते. हल्ल्याने घाबरलेला कुत्रा पुढे कामासाठी निरुपयोगीही ठरू शकतो. त्याच्या प्रशिक्षणावर खर्च झालेले महिने आणि हजारो डॉलर वाया जातात. दुसरे, दुकानदाराचे. चार वाईट अनुभव आल्यावर पाचव्याकडे तो संशयानेच पाहतो. तिसरे आणि सर्वात मोठे नुकसान त्या पाचव्या माणसाचे. त्याला मधुमेह असेल, अपस्मार असेल, वरून काहीच दिसत नसेल. दूध आणायला गेलेल्या त्याला रांगेत सगळ्यांसमोर आपली कहाणी सांगावी लागते.

विमान कंपन्यांनी काय केले?

विमानप्रवासाला एडीए नव्हे, तर वेगळा कायदा लागू होतो. त्यात पूर्वी भावनिक आधाराच्या प्राण्यांनाही केबिनमध्ये मोफत जागा मिळत असे. जानेवारी २०१८ मध्ये न्यूअर्क विमानतळावर एक महिला चक्क मोर घेऊन आली आणि विमान कंपनीने त्याला प्रवेश नाकारला. हे प्रकरण जगभर गाजले. त्याच महिन्यात डेल्टा कंपनीने विमानात प्राण्यांनी चावण्याच्या, घाण करण्याच्या घटना २०१६ पासून ८४ टक्क्यांनी वाढल्याचे सांगून नियम कडक केले. अखेर परिवहन विभागाचा नवा नियम जानेवारी २०२१ पासून लागू झाला. भावनिक आधाराच्या प्राण्यांना सर्व्हिस अ‍ॅनिमल मानण्याचे बंधन कंपन्यांवर राहिले नाही. सर्व्हिस डॉगच्या मालकालाही कुत्र्याचे आरोग्य, वर्तन आणि प्रशिक्षण यांविषयी सरकारी नमुन्यात लेखी हमी द्यावी लागू शकते. गैरवापर झाला अनेकांकडून, पण नवा अर्ज भरावा लागतो तो अपंग प्रवाशाला.

खोट्या दाव्याला शिक्षा आहे का?

अनेक राज्यांत आहे. फ्लोरिडात २०१५ पासून हा गुन्हा असून ५०० डॉलरपर्यंत दंड, ६० दिवसांपर्यंत कैद आणि ३० तास समाजसेवा अशी तरतूद आहे. कॅलिफोर्नियात एक हजार डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण पुरावाच मागता येत नसेल, तर गुन्हा सिद्ध करणे अवघड जाते.

मग ओळखपत्र सक्तीचे का करत नाहीत?

ही मागणी अधूनमधून होते. वरवर पाहता ती रास्त वाटते. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की सक्ती केल्यास अर्ज, चाचणी, शुल्क, नूतनीकरण हे सगळे ओझे अपंगांवर पडेल. स्वतः कुत्र्याला शिकवणाऱ्या गरीब व्यक्तीला ते परवडणार नाही. चाकाच्या खुर्चीसाठी दुकानाच्या दारात कोणी कागद मागत नाही, मग कुत्र्यासाठी का? कायद्याने जाणीवपूर्वक विश्वासाचा मार्ग निवडला. काही लबाड सुटले तरी चालतील, पण गरजू माणूस दारात अडकू नये, हा त्यामागचा विचार. तो टिकणे लोकांच्या सचोटीवर अवलंबून आहे.

तिथल्या मराठी कुटुंबांनी काय लक्षात ठेवावे?

न्यू जर्सीतील एडिसन, इसेलिनसारख्या भागांत भारतीय किराणा दुकाने आणि उपाहारगृहे मोठ्या संख्येने आहेत. तिथे मालक, नोकर वा ग्राहक म्हणून मराठी माणसेही असतात. दुकान चालवणाऱ्यांना ते दोन प्रश्न पाठ असायला हवेत. ‘आमच्याकडे कुत्रे चालत नाहीत’ असे म्हणून खऱ्या सर्व्हिस डॉगला परत पाठवणे कायद्याचा भंग ठरतो. मुलांकडे राहायला गेलेल्या आजी-आजोबांनी अशा कुत्र्याला कुरवाळू नये, खायला देऊ नये, कारण तो कामावर असतो. आणि दुसऱ्याचा कुत्रा खरा की खोटा, याचा निवाडा ग्राहकांनी रांगेत उभे राहून करू नये. न दिसणारे अपंगत्व आकारावरून ओळखता येत नाही. कुत्रा त्रास देत असेल तर व्यवस्थापकाला सांगावे. शांतपणे मालकाच्या पायाशी किंवा कुशीत बसला असेल, तर त्याला त्याचे काम करू द्यावे.