केरीची पेज

तेरेखोल नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे पेडणे तालुक्यातील आमचे केरी गाव. पैलतीरी किल्ला, मध्ये फेरीबोट. सकाळी दहाच्या सुमारास आई उकड्या तांदळाची ऊन पेज वाढी; सोबत खारातील तोर नि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा.

डॉक्टर झाल्यावर मी तिला पौष्टिक पावडरीचा डबा नेऊन दिला. तिने तो फळीवर ठेवला आणि नातवाला पेजच भरवली. मी रागावलो, ती हसली.

भात उकडताना कोंड्यातील ‘ब-१’ जीवनसत्त्व दाण्यात उतरते, हे मी पुस्तकात वाचले होते; ताटात ओळखले नव्हते.

आता आई नाही. सहा महिन्यांवरील बाळांच्या मातांना घट्ट पेज सुचवताना तिची क्षमा मागितल्यासारखे वाटते.