उकडलेला बटाटा कशाला?

मध्य प्रदेशातला धार जिल्हा, शेजारचे इंदूर आणि देवास हा माळव्यातला बटाट्याचा पट्टा. त्यामुळे इथल्या शाळेत परासरण, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण साखर अडवणाऱ्या पटलातून पाणी साखरेकडे जाणे, दाखवायला महागडे पटल लागत नाही. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली सुरू झाला आणि पुढे देवासपर्यंत पोचला. त्याचाही आग्रह हाताशी असलेल्या साहित्याचाच होता. बटाटा सोलायचा, बूड सपाट कापायचे, वर वाटीसारखा खळगा कोरून त्यात चमचाभर साखर घालायची आणि बशीतल्या पाण्यात ठेवायचा. काही तासांत खळग्यात पाक साचतो. पण एवढ्यावरून असे अर्धपार्य पटल सिद्ध होत नाही. स्पंजसारखे पाणी नुसते झिरपले असेल, ही शंका रास्तच आहे. म्हणून शेजारी उकडलेला बटाटा हवा. त्याच्या पेशींची पटले उष्णतेने निकामी झालेली असतात. त्यात साखर फार तर ओलसर होते, पाणी चढत नाही. नुसते झिरपणे असते, तर मऊ झालेल्या बटाट्यात ते अधिकच व्हायला हवे होते.

दुसरा आक्षेप असा, की बटाट्यात एक पटल नसून असंख्य पेशी आहेत. हे खरे. एकच पटल दाखवायचे तर व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेले अंडे बरे: पाण्यात फुगते, पाकात आक्रसते. (ते सगळ्याच शाळांत चालेल असे नाही.) फ्रान्समध्ये भौतिकशास्त्रज्ञ नोले यांनी १७४८ मध्ये पटल म्हणून डुकराचे मूत्राशय वापरले होते, त्यापुढे बटाटा निदान सोवळा तरी आहे.