एक रविवार आणि ठाण्याची खाडी

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत पगार, बोनस, महागाई यांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. सहलीचा विषय त्या मानाने कित्येकांना हलका वाटेल. परंतु रविवारची सुट्टी काही आभाळातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी ही साप्ताहिक सुट्टी गिरणीमालकांना मान्य करावी लागली. आजही कित्येक कंत्राटी कामगारांची सुट्टी कागदावरच राहते. तेव्हा ज्याच्या हाती हा एक दिवस पडतो, त्याचा तो वाया जाऊ नये, इतकीच आमची तळमळ आहे.

ठाण्याच्या खाडीत लाल-गुलाबी रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, येतात हे आता सर्वांच्या कानी आले आहे. शासनाने २०१५ साली तेथील १,६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर केले; २०२२ साली खाडीचे नाव रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेले. ठाणे-वाशी लोकलने ऐरोलीस उतरावे, रिक्षा करावी, की वनखात्याचे सागरी जैवविविधता केंद्र आले. तेथून होडीने खाडीत नेतात. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मे महिन्यापर्यंत पक्षी असतात. खरी गर्दी हिवाळा सरता सरता होते.

इतके सोपे असूनही मंडळी हिरमुसून परततात, याचे कारण एकच. आपण घड्याळ पाहून निघतो आणि खाडी चंद्र पाहून चालते.

हे नीट समजून घेऊ. रोहित पक्ष्याचे ताट म्हणजे ओहोटीत उघडा पडणारा चिखल आणि त्यावरचे उथळ पाणी. चोच उलटी बुडवून तो पाणी आत घेतो, जिभेने बाहेर लोटतो, आणि चोचीतील गाळणीत सूक्ष्म शेवाळ व बारीक जीव अडकून राहतात. त्या अन्नातील रंगद्रव्यानेच त्याची पिसे गुलाबी होतात. पूर्ण भरती आली की ताट पाण्याखाली जाते आणि थवे उठून नवी मुंबईतील पाणथळींकडे जातात. उलट पूर्ण ओहोटीत पक्षी असतात, पण होडीच चिखलात रुतते. म्हणजे होडी तरंगण्याइतके पाणी आहे आणि चिखल अजून पुरता बुडालेला नाही, अशी मधली वेळ गाठावयाची. एका कारखान्यातील मंडळी बायकामुलांसह भर ओहोटीला पोहोचली. डबे खाऊन, दूरवरचा चिखल पाहून परत आली. दोष कोणाचाच नव्हता. हिशेब कोणी सांगितलेला नव्हता.

तो हिशेब कोळी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, सुमारे तितक्या वाजता मुंबईच्या किनाऱ्यास पूर्ण भरती. पंचमीची पाऊणपट पावणेचार, अष्टमीची सहा, एकादशीची सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी धरली म्हणजे सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा येत असल्याने तीच वेळ सकाळी आणि संध्याकाळी धरावी. वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरा घेईपर्यंत चंद्रही आपल्या वाटेने थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठण्यास पृथ्वीला तेवढे अधिक फिरावे लागते. ज्ञान विद्यापीठातच असते असे मानणाऱ्यांनी हे त्रैराशिक एकदा करून पाहावे. मात्र खाडीत आत पाणी चढावयास थोडा उशीर लागतो, आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण व अष्टमीची भांगाची भरती यांत पाण्याच्या उंचीचा मोठा फरक असतो. म्हणून दिवस ठरवावा तिथीवरून, पण होडीची नेमकी वेळ केंद्रातूनच विचारून घ्यावी. जागाही आधीच राखाव्यात. होडीत माणसे मोजकी घेतात.

लहान मुले व वडीलधारी बरोबर असतील तर ऊन चढण्यापूर्वीची भरती हवी, म्हणजे दशमी ते त्रयोदशीचा रविवार. येथे एक गंमत आहे. सात दिवसांत तिथी सुमारे सातने पुढे जाते, म्हणून एक रविवार सोयीचा असला तर त्यापुढचा नसतो. परंतु चौदा दिवसांनी तिथी जवळजवळ तीच येते, फार तर एकाने मागे. एक रविवार हुकला तर मधला सोडून पुढचा धरावा.

टोपी, पाणी, मळखाऊ कपडे आणि जमल्यास मागून आणलेली दुर्बीण, इतके सामान पुरे. होडीत गलका करू नये. थवा उडाला की पुन्हा बसावयास वेळ घेतो, आणि तेवढा त्याचा घास बुडतो.

पक्षी दिसले म्हणून लगेच परतीची गाडी धरू नये. काठावरच्या तिवरांकडे पाहावे. चिखलातून वर आलेली बोटाएवढी टोके ही तिवराची श्वासमुळे होत. चिखलात हवा नसल्याने झाड ती वर काढते. पानाची खालची बाजू चाटून पाहिली तर खारट लागते, कारण नको असलेले मीठ झाड पानावाटे टाकते. त्याच चिखलात निवट्या उड्या मारतात आणि चिंबोऱ्या बिळे करतात. यांवर काठचे कोळी पोट भरत आले. पूर्वेच्या काठाला कारखान्यांचा पट्टा आहे, शहराचे सांडपाणीही खाडीतच येते. त्यातील पोषक द्रव्यांनी शेवाळ माजले आणि त्याने पक्षी ओढले गेले, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे जो मैला कोळ्याच्या जाळ्यातून मासळी घालवतो, तोच रोहिताला जेवू घालतो. होडीत बसल्यावर या गोष्टीवरही बोलणे व्हावे.

ज्यांची सुट्टी रविवारी नसून बुधवारी किंवा गुरुवारी असते, त्यांनाही हाच हिशेब लागू आहे. तिथी पाहावी, पाऊणपट करावी, आणि त्या वारी होडी सुटते की नाही एवढे आधी विचारावे. गर्दी कमी असल्याने जागा मिळण्याचा संभव त्यांनाच अधिक.