बांधावरच्या गोड चिंचेचं कलम

वेळ अमावस्येला लातूर जिल्ह्यातली गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. कोपीपुढे आंबील, उंडे आणि भज्जीचं जेवण उरकलं की पोरं बांधाकडे पळतात, कारण तोवर चिंचा गाभुळू लागलेल्या असतात. टरफल गरापासून सुटलेलं, गर धड हिरवा नाही की धड तांबडा नाही. पोरं वाटेतली चार झाडं सोडून पाचव्यावर चढतात. त्याच झाडाची चिंच गोड, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

शेजारी शेजारी वाढलेल्या, एकच माती आणि एकच पाऊस मिळालेल्या झाडांच्या चवीत इतका फरक कशामुळे? चिंचेच्या फुलाला बहुतेक वेळा दुसऱ्या झाडाचे परागकण लागतात आणि ते मधमाश्या आणून देतात. त्यामुळे प्रत्येक चिंचोक्याचे आईबाप वेगळे. गोड झाडाखालचे चिंचोके वेचून पेरले तर त्यातून गोड झाड येईलच असं नाही, आंबटढाण निघण्याची शक्यता जास्त. आणि ते समजायला आठ-दहा वर्षं जातात.

आंबटपणाचं गणितही चिंचेत जरा निराळं आहे. कैरीतली आम्लं आंबा पिकताना बरीचशी खर्ची पडतात, म्हणून पिकला आंबा गोड लागतो. चिंचेतलं आम्ल मुख्यतः टार्टारिक आणि पिकताना फळ ते खर्चत नाही. साखर वाढते, आम्ल मात्र जागच्या जागी राहतं. त्यामुळे पिकलेली चिंच एकाच वेळी अतिशय आंबट आणि चांगलीच साखरेची असते. जिभेला आंबट आधी कळतं, एवढंच. गाभुळी चिंच खायला सोपी जाते कारण गरात अजून पाणी असतं. पुढे ते पाणी उडालं की आंबट आणि गोड दोन्ही दाट होतात. गोड झाड म्हणजे ज्याच्या गरात मुळातच आम्ल कमी पडतं असं झाड. हा त्या झाडाचा जन्मजात गुण आहे. शेणखत घालून किंवा पाणी देऊन तो आणता येत नाही.

थायलंडमधल्या पेच्चाबून प्रांताने अशाच गोड झाडांवर आपलं नाव उभं केलं. तिथली गोड चिंच खोक्यात भरून जगभर जाते आणि आपल्याकडच्या मॉलमध्येही टरफलासकट, सुक्या मेव्याच्या दिमाखात मिळते. त्या बागा चिंचोके पेरून झालेल्या नाहीत. निवडक झाडांची कलमं करूनच त्या उभ्या राहिल्या.

हाच प्रश्न बर्फाच्या देशात अक्रोडाबाबत कसा सुटला, ते पाहण्यासारखं आहे. कॅनडात राहणारा पॉल क्रॅथ हा धर्मोपदेशक १९२०-३०च्या दशकांत पूर्व युरोपातल्या कार्पेथियन डोंगरभागात गेला. अक्रोडाच्या नेहमीच्या जाती कॅनडाच्या थंडीत मरत होत्या. क्रॅथने त्या डोंगराळ गावांतून, कडाक्याच्या थंडीत टिकलेल्या झाडांचे अक्रोड गोळा करून टोरांटोला नेले. त्या बियांतून जी रोपं तगली, त्यांतली पातळ कवचाची आणि चवदार दाण्याची झाडं निवडून पुढे लोकांनी त्यांची कलमं बांधली. उत्तर अमेरिकेतली ‘कार्पेथियन अक्रोड’ ही ओळख अशी तयार झाली. काश्मिरातही अक्रोडाची बहुतेक जुनी झाडं बियांची, म्हणून प्रत्येकाचं फळ वेगळं; श्रीनगरच्या शास्त्रज्ञांना त्यांतूनच सरस झाडं हुडकून कलमी जाती द्याव्या लागल्या.

अक्रोड लातूर-नांदेडला लावावा का, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. हिवाळ्यात कित्येक शे तास पारा सातएक अंशांच्या खाली राहिला नाही तर अक्रोडाचे डोळे नीट फुटत नाहीत. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा बांधावर हिरवी उभी होती ती चिंच. तिकडे थंडीत तगलेलं झाड हुडकलं, इथे दुष्काळात तगलेलं आयतंच समोर आहे.

निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांनाही त्याच सुमारास ते मिळालं. आनंद वाटावा अशीच गोष्ट आहे. पण मानांकन नावाला राखतं, झाडाला राखत नाही. कोथिंबिरीचं बी दरवर्षी धरता येतं आणि निवड करत राहता येते. चिंचेचं म्हातारं झाड वाऱ्याने पडलं की त्याचा गुण त्याच्याबरोबर जातो.

आंब्याच्या बाबतीत हे मराठवाड्याने भोगून झालं आहे. आमराईतल्या प्रत्येक झाडाला नाव होतं: शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या. त्यांची कलमं कुणी बांधली नाहीत. झाडं लाकडाच्या भावाने गेली आणि जागा केसरच्या कलमांनी घेतली. केसरला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तो टिकला कारण तो कलमी आहे. शेप्याचं दुर्दैव एवढंच, की त्याची काडी कुणी कापली नाही.

चिंचेचं कलम अवघड असतं तर हे सगळं बोलणं फुकट होतं. पण काश्मिरात अक्रोडाचं कलम जगवायला जेवढी यातायात पडते, तेवढीही इथे नाही. गावरान चिंचोक्याचं रोप पिशवीत वाढवायचं, पेन्सिलीएवढं जाड झालं की शेंडा उडवून त्याच्या कोवळ्या लाकडात पाचर देऊन निवडलेल्या झाडाची काडी बसवायची. काडी कापण्याआधी आठ-दहा दिवस झाडावरच तिची पानं देठ ठेवून खुडली तर डोळे फुगतात आणि कलम लवकर धरतं. वरून प्लास्टिकची टोपी, आत ओल. कलमी झाड चार-पाच वर्षांत फळाला येतं आणि बेताच्या उंचीचं ठेवता येतं. पिढ्यान् पिढ्या चिंच उतरवणारी माणसं शेंड्यावर चढून फांद्या झोडपतात आणि पडून जायबंदी होतात. काश्मिरात अक्रोडाची कथा हीच आहे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हा रस्ता आधीच धरला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राने निवडलेली ‘प्रतिष्ठान’ ही चिंच त्यातलीच. तरी चिंचेची बाग म्हटलं की शेतकरी हसतो. त्याच्या लेखी चिंच हे लावायचं झाड नसून असलेलं झाड आहे. धुऱ्यावरचं झाड गुत्तेदाराला उक्तं द्यायचं आणि पैसे मोजून घ्यायचे. गुत्तेदार सगळ्या झाडांचा माल एकाच ढिगात ओततो. मग गोड काय नि आंबट काय, दोन्हींना भाव एकच.

इथे एक गोष्ट उत्साहाच्या भरात विसरायला नको. सगळी चिंच गोड करून चालणार नाही. हैदराबादकडे आणि त्याखाली दक्षिणेत जाणाऱ्या मालाला आंबटपणाचेच पैसे मिळतात. देगलूर-बिलोलीकडच्या घरांत वरणात चिगूर (चिंचेचा कोवळा पाला) पडतो तोही आंबटासाठीच. शिवाय आम्ल कमी म्हणजे बुरशीला आमंत्रण. थायलंडची गोड चिंच थंड गोदामात ठेवावी लागते ती याचसाठी. गोड झाडाची जागा हातात धरून खायच्या फळाच्या बाजारात आहे. तो बाजार लहान आहे, पण किलोला मिळणारा भाव वेगळा असतो.

महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्यात चिंचेचं नाव आहे. काश्मिरात अक्रोडालाही कायद्याचं असंच संरक्षण आहे. परवानगीशिवाय चिंच तोडता येत नाही, पण रस्ता रुंद करताना ती परवानगी मिळते. म्हणून कागदावर विसंबण्यापेक्षा गाभुळीच्या दिवसांत, गुत्तेदाराची माणसं यायच्या आधी, गावातलं गोड झाड रंगाचा पट्टा मारून ठेवलेलं बरं. एका वर्षाच्या चवीवर भुलू नये. दोन-तीन हंगाम चाखावं, शेंग किती भरते आणि एक वर्षाआड दगा देते का तेही पाहावं. काड्या कापायच्या त्या त्यानंतर. कोणतं झाड, हे विचारायला विद्यापीठात जायची गरज नाही. वेळ अमावस्येची पोरं सांगतील.