पुनर्भेटीचें हास्य

जुन्या विनोदी चित्रपटाचा उत्तरभाग पाहतांना वडील मंडळी इतकी कां खुलतात, हें आम्हीं येथें थोडक्यांत सांगतों.

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ सालीं निघाला. त्यांत दुष्टाचा आत्मा बाहुल्यांत शिरतो आणि पोलिसांची धांदल उडते. अधिकाराची ऐट हातभर बाहुल्यापुढें लटकी पडते, हेंच त्या हास्याचें मूळ होय.

२०१३ सालीं उत्तरभाग त्रिमिती स्वरूपांत आला. रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू पुन्हां अवतरला. कोठारे यांनीं पोलिसी वेषही पुन्हां चढविला. परंतु पहिल्या भागांत सर्वांस हंसविणारे लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालींच निवर्तले होते. म्हणून त्यांच्या पात्राचा मुलगा येथें नायक झाला. ती भूमिका कोठारे यांचे पुत्र आदिनाथ यांनीं केली.

बाहुला वृद्ध होत नाहीं, माणसें होतात. मुलें बाहुल्यास हंसतात. आईवडिलांस मात्र आपलें बालपण व गेलेलें माणूसही आठवतें. विद्यार्थिमित्रांनो, कनेरगाव नाक्यासारख्या गांवीं सुटींत सवड असते. दोन्ही भाग वडिलांजवळ बसून पाहावे, आणि पहिला भाग त्यांनीं कोणाबरोबर पाहिला होता, हें अवश्य विचारावें.